पिकअपचा पिकअप

नातेवाईक मंडळींना आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या फोनवर तोच प्रश्न नको. होय, आमच्याकडे बटण दाबलं की सुरू होणारी, बरीचशी नवी अशी एक गाडी आहे. आणि होय, तरीही गेले चार महिने शनिवार-रविवार मी एका १९७४ सालच्या शेवरोले सी-१० च्या बॉनेटखाली डोकं घालून उभा आहे. "तुला दुसरे उद्योग नाहीत का?" ह्या प्रश्नाचं उत्तर: आहेत, पण ते आठवडाभर पगारासाठी करतो.

इकडे ट्रक म्हणजे आपला मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेला दहाचाकी ट्रक नव्हे बरं का. पुढे बाकासारखं एकच लांब सीट, मागे उघडा हौदा. ह्याला पिकअप म्हणतात. कोल्हापुरात लहानपणी पिकअप म्हणजे गाडीचा जोर, गाडी 'घेते' तो. तर गंमत अशी की आमच्या पिकअपला पिकअप नव्हता. सिग्नलला किंवा थांब्याच्या पाटीशी गाडी उभी करायची, रस्ता मोकळा दिसला की पाय दाबायचा, आणि पुढचा एक पूर्ण सेकंद काहीच नाही. इंजिन 'हंऽऽ' करून दम खातं, मग खाडकन गचका देऊन सुटतं.

एक सेकंद. ऐकायला काय, चिल्लर. पण आम्ही कोलोरॅडोत लव्हलँड गावाच्या बाहेर राहतो. आमची गल्ली ज्या रस्त्याला मिळते तिथे सिग्नल नाही, आणि दोन्ही बाजूंनी गाड्या ताशी शंभर किलोमीटरने येतात. म्हणजे त्या एका सेकंदात समोरची गाडी सत्तावीस-अठ्ठावीस मीटर जवळ आलेली असते आणि आपण रस्त्याच्या मधोमध आडवे. आमची लेक सतरा वर्षांची. शनिवार-रविवारी ती एका घोड्यांच्या तबेल्यात काम करते, गवताचे भारे आणते, आणि हा ट्रक चालवायचा म्हणून तिने वर्षभर पैसे साठवलेत. शेजारच्या निवृत्त शेतकऱ्याने तो आम्हाला माफक किमतीत दिला, तोही तिच्याकडे बघून. बायको हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात काम करते. चौकात डावीकडे वळताना काय होतं ते तिने स्ट्रेचरवर बघितलंय. तिने शांतपणे सांगितलं, "तो गचका आहे तोवर किल्ली माझ्या पर्समधे राहील." ह्यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. (सीटबेल्टही फक्त कमरेचा होता. तीन टोकांचा बसवला, ब्रेक नवे केले. त्याची कथा कंटाळवाणी आहे, सोडून देऊ.)

आता ज्यांनी कार्बोरेटर फक्त स्कूटर बंद पडल्यावर शिव्या घालण्यापुरता ऐकलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिन हवा ओढतं. ती हवा एका मधेच चिंचोळ्या केलेल्या नळीतून जाते. चिंचोळ्या जागी हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. व्हेंचुरी नावाच्या इटालियन माणसाने १७९७ मधे हे पाण्याच्या बाबतीत मांडून ठेवलंय. त्या कमी दाबाच्या जागी एक बारीक नळी उघडते, आणि शेजारच्या छोट्या टाकीतलं पेट्रोल आपोआप ओढलं जाऊन फवाऱ्यासारखं हवेत मिसळतं. ना कॉम्प्युटर, ना सेन्सर. हवा जितकी जोरात जाईल तितकं पेट्रोल. गोम अशी की पाय एकदम दाबला की हवा हलकी असल्यामुळे लगेच धावते, पण पेट्रोल जड, ते मागे रेंगाळतं. त्या क्षणभर इंजिनाच्या तोंडी नुसती हवा. ही फट भरायला कार्बोरेटरमधे एक छोटासा पंप असतो, पॅडल दाबताच तो पेट्रोलची पिचकारी मारतो. पिचकारी कमी पडली, उशिरा आली किंवा नळीच फार मोठी असली की गचका.

आणि आमच्या ट्रकची नळी फारच मोठी होती. मूळ कार्बोरेटर केव्हाच गेला होता. त्या शेतकऱ्याच्या मुलाने तरुणपणी हौसेने ७५० सीएफएमचा, दोन पंपांचा, रेसच्या गाडीला शोभेल असा बसवला होता, आणि त्याला बसेल असा इनटेक मॅनिफोल्डही. वस्तू उत्तम. पण चार हजार आरपीएमच्या वर घोंघावणाऱ्या हलक्या गाडीसाठी. ऑटोमॅटिक गियरच्या, गवत वाहणाऱ्या ट्रकला तो म्हणजे लहान मुलाला वडिलांचा कोट. नळी मोठी, हवेचा वेग मंद, ओढ कमी, पेट्रोल येईना. पिचकारी वाढवली की गचका कमी व्हायचा, पण मागून काळा धूर. पिचकारी कमी केली की धूर बंद आणि गचका हजर.

पण कार्बोरेटरला हात लावायच्या आधी कोल्हापूरला फोन.

माझे मोठे काका. उद्यमनगरात पस्तीस-चाळीस वर्षं गॅरेज. फियाट, अँबॅसिडर, जीप, ज्याला म्हणून कार्बोरेटर होता ते सगळं. इंजेक्शनच्या गाड्या आल्या तसं कारमधलं काम आटलं. मग मोटरसायकलींवर काही वर्षं निघाली. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या दुचाकींमधूनही कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. काका आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. कानाला यंत्र आहे. ज्या कानांनी ते बंद शटरच्या आतून "तिसऱ्याचा प्लग बघ" म्हणायचे, त्या कानांना आता टीव्हीही मोठा लागतो.

"सीबी पॉईंट साफ केलास का?" हा पहिला प्रश्न. तो येणार हे माहीत होतं, म्हणून आधीच केले होते. "प्लग?" नवे. गॅप पस्तीस हजारांश इंच. "टायमिंग?" दहा अंश. "व्हॅक्यूमचा डबा?" इथे मी थांबलो. तो बघायच्या यादीत होता, पण अजून नंबर आला नव्हता. काका म्हणाले, "नळी काढ, तोंडानं ओढ आणि जीभ लाव. चिकटून राहिली तर पडदा शाबूत. आधी ठिणगी बघावी, मग पेट्रोलच्या नावानं ओरडावं."

जीभ चिकटली नाही. डिस्ट्रिब्युटरवरच्या त्या डब्यातला पडदा फाटलेला होता. म्हणजे पाय हलका असताना ठिणगी जितकी आधी पडायला हवी तितकी पडत नव्हती, वर त्या फाटक्या पडद्यातून फुकटची हवा इंजिनात जात होती. डबा बदलला. डिस्ट्रिब्युटरच्या आतली वजनं गंजून चिकटली होती ती सोडवली, स्ट्रोब लावून बघितलं तर तीन हजार आरपीएमला टायमिंग चौतीस अंशांपर्यंत जायला लागलं. एकूण रोगाचा एक चतुर्थांश इथेच बरा झाला, तोही नवीन कार्बोरेटरवर एक पैसा न घालता. कार्बोरेटर बदलायला निघालेल्या प्रत्येकाने हे दोन शनिवार आधी द्यावेत असं माझं ठाम मत झालंय.

उरलेले तीन चतुर्थांश मात्र नळीचे होते. तेव्हा खरेदी.

इथे माणसाचा तोल जातो. कॅटलॉग उघडलं की मोठा आकडा नेहमीच बरा वाटतो. सहाशेच्या शेजारी साडेसातशे असेल आणि किमतीत फारसा फरक नसेल तर आपण देशस्थ असो वा कोकणस्थ, हात साडेसातशेकडे जातो. म्हणून आधी कागद-पेन्सिल. इंजिन ३५० घनइंचांचं, म्हणजे ५.७ लिटर (मारुती ८०० ची सात इंजिनं एकत्र बांधा). फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकाराएवढी हवा ओढतं. एका घनफुटात १७२८ घनइंच, दोन फेऱ्या म्हणून दुप्पट, ३४५६. हा ट्रक साडेचार हजार आरपीएमच्या पुढे जाणार नाही. ३५० गुणिले ४५०० भागिले ३४५६, उत्तर सुमारे ४५६. पण कुठलंही जुनं इंजिन पोट भरून श्वास घेत नाही, ऐंशी टक्के घेतलं तर ३६५. म्हणजे ह्या राक्षसाला पूर्ण जोरात मिनिटाला ३६५ घनफूट हवा पुरते! पाचशेचा कार्बोरेटरसुद्धा चालला असता. साडेसातशे म्हणजे दुपटीपेक्षा जास्त.

लेकीने हे गणित स्वतः केलं आणि मग विचारलं, "बाबा, मग सगळे लोक मोठा का घेतात?" मी म्हटलं, लग्नाच्या हॉलचं आपल्याकडे काय होतं ते आठव.

(कॅटलॉगमधली एक मेख सांगून ठेवतो. चार नळ्यांच्या कार्बोरेटरचा आकडा दीड इंच पाऱ्याच्या ओढीवर मोजतात आणि दोन नळ्यांच्या कार्बोरेटरचा तीन इंचांवर. त्यामुळे दोन नळ्यांचा '५००' हा चार नळ्यांच्या हिशेबात साधारण ३५४ असतो. ही तुलना सरळ आकड्यांनी करू नये.)

पर्याय चार होते. पहिला, मूळचा रॉचेस्टर क्वाड्राजेट शोधून आणणं. लोक त्याला नावं ठेवतात, पण माझ्या मते तो फार हुशार कार्बोरेटर आहे: पुढच्या दोन नळ्या अगदी लहान, मागच्या दोन प्रचंड, म्हणजे रोजच्या वापराला काटकसर आणि चढाला जोर. पण जुन्यांचे थ्रॉटलचे दांडे झिजून आजूबाजूने हवा खातात आणि दुरुस्तीला जाणकार लागतो. दुसरा, होली कंपनीचा सहाशेचा, ज्याच्या मागच्या नळ्या व्हॅक्यूमवर उघडतात. जड गाडी आणि ऑटोमॅटिक गियर असेल तर ही जात योग्य. तिसरा, एडलब्रॉक १४०६, तोही सहाशेचाच, इलेक्ट्रिक चोकचा. हा मुळात १९५७ मधे आलेल्या कार्टर एएफबीचा वंशज. ह्याच्या मागच्या नळ्यांवर एक वजनदार झडप असते; पाय कितीही दाबा, इंजिनाने खरोखर हवा मागितल्याशिवाय ती उघडत नाही. उतावळ्या पायांना वेसण! चौथा पर्याय म्हणजे कार्बोरेटरसारखंच दिसणारं, स्वतः शिकणारं इंजेक्शन. प्रामाणिकपणे सांगायचं तर आमच्यासारख्या डोंगराळ भागात तेच सगळ्यात शहाणपणाचं, कारण उंची बदलली की ते आपोआप जुळवून घेतं. पण त्याला जास्त दाबाचा पंप, परतीची नळी, नवी वायरिंग, आणि खर्च कार्बोरेटरच्या काही पट. ट्रकच्या किमतीच्या मानाने ते घोड्यापेक्षा नाल महाग असं झालं असतं.

तिसरा घेतला. दोन सहाशेंमधे कौल देण्याचं कारण अगदी घरगुती आहे. होलीत जेट बदलायला पेट्रोलची वाटीच काढावी लागते, पेट्रोल सांडतं. एडलब्रॉकमधे वरची दोन छोटी झाकणं सैल केली की मीटरिंग रॉड बाहेर येतात. जेट बदलायचे तर वरचं झाकण उचलायचं, कार्बोरेटर जागचा हलवायचा नाही. हे काम लेक करणार होती. गरम इंजिनावर पेट्रोल सांडण्याची शक्यता जिथे कमी तो बरा.

बसवायला एक सकाळ लागली. इलेक्ट्रिक चोकची वायर इग्निशन कॉईलवरून घ्यायची नाही, चावी फिरवल्यावर बारा व्होल्ट येणारी वेगळी वायर शोधायची. पेट्रोलचा दाब साडेपाच पीएसआयच्या आसपास हवा, साडेसहाच्या वर गेला तर वाटी ओसंडते. आमचा पाच भरला. ऑटोमॅटिक गियरची केबल परत जोडायची. आमच्या गियरबॉक्सला ती फक्त खालचा गियर टाकण्यापुरती लागते, पण नंतरच्या काही गियरबॉक्सना ती चुकली तर गियरबॉक्स जळतो, तेव्हा तुमचा कुठला आहे ते बघा.

मग ट्यूनिंग. हे खरं माझं आवडतं.

नियम एकच ठेवला होता: एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत. वही लेकीकडे. तारीख, तापमान, काय बदललं, काय झालं. इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण उघडा. पुढचे दोन मिक्शर स्क्रू हलकेच बंद होईपर्यंत आत, मग दीड-दीड फेरी बाहेर. व्हॅक्यूम गेज लावायचा, एक स्क्रू फिरवत काटा सर्वात वर जाईल तिथे थांबायचं, आयडलिंग वाढलं तर ते परत खाली आणायचं, मग दुसरा स्क्रू, मग परत पहिला. शेवटी दोन्ही किंचित आत, आरपीएम वीसेक पडेपर्यंत.

काटा साडेचौदावर थांबला. पुस्तकात लिहिलेलं असतं अठरा ते वीस इंच. ह्या आकड्यामुळे आमच्या भागात किती चांगली इंजिनं उगाच खोलली गेली असतील देव जाणे! लव्हलँड समुद्रसपाटीपासून पंधराशे मीटरवर आहे, म्हणजे साधारण पाच हजार फूट. दर हजार फुटांना गेजचा एकेक इंच कमी धरायचा. साडेचौदा म्हणजे तिथल्या साडेएकोणीस. ठणठणीत.

काकांना आवाज ऐकवायचा होता. व्हिडिओ कॉलवर ते जमेना, कारण फोन इंजिनाच्या आवाजाला गोंगाट समजून गाळून टाकतो. चाळीस वर्षं ज्या आवाजावर घर चाललं तो फोनच्या लेखी कचरा. मग रेकॉर्ड करून पाठवला. काकांनी यंत्र काढून, फोन कानाच्या मागच्या हाडाला लावून ऐकला, असं चुलतभावाने सांगितलं. निरोप आला, "कानाचं काय खरं नाही आता. पोरीला सांग, सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धर. एकसारखे ठोके लागतात का बघ की. मधेच हात आत ओढल्यागत झालं तर कुठलातरी सिलिंडर मिसिंग मारतोय."

लेकीने हात धरला. बराच वेळ धरला. ठोके एकसारखे होते. मी तिथे हजाराच्या घरातली उपकरणं मांडून बसलो होतो, पण तिला समजलं ते ह्याने.

पुढे मात्र काकांची एक खूण उपयोगी पडली नाही. "प्लगचा फोटो धाड. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग पायजे." आमचे प्लग जवळजवळ पांढरे. त्यांच्या हिशेबाने पेट्रोल कमी पडतंय, जेट मोठा टाक. वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर मात्र उलट सांगत होता. एक भाग पेट्रोलला साधारण चौदा भाग हवा हवी, आमचा एका वेगाने चालताना १३.३ दाखवत होता, म्हणजे पेट्रोल जास्तच. कोण खरं? दोघंही. काकांचा रंग शिशाच्या पेट्रोलचा होता. भारतात ते २००० साली बंद झालं. आता बिनशिशाचं, त्यात दहा टक्के इथेनॉल. प्लग पूर्वीसारखा रंग धरतच नाही. हे सांगताना मी जरा चाचरलो. काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "मग मशीनचं ऐक. पण नाकाला रजा देऊ नको. आयडलिंगला डोळे चुरचुरले तर पेट्रोल जास्त, हे अजून तसंच असेल."

तसंच आहे. नाक आणि सेन्सर एकाच बाजूला होते.

पेट्रोल जास्त का, ह्याचं उत्तर परत उंचीत. आमच्याकडची हवा समुद्रकाठच्यापेक्षा चौदाएक टक्के विरळ. कार्बोरेटरला वजन कळत नाही, त्याला फक्त ओढ कळते. हवा चौदा टक्के घटते तेव्हा पेट्रोल घटतं साधारण सात टक्के, म्हणजे वर्गमुळाच्या हिशेबाने. उरलेलं सात-आठ टक्के पेट्रोल फुकट. कंपनीने १४०६ मधे ०.०९८ इंचाचे जेट आणि ०.०७५ बाय ०.०४७ चे रॉड दिलेत. रॉड म्हणजे जेटच्या भोकात बसणारी पायरीची सुई. रोजच्या चालीला जाड भाग भोकात, चढाला सुई उचलली जाते आणि बारीक भाग येतो. म्हणजे पेट्रोल जातं ते भोक वजा सुई एवढ्या कड्यातून. लेकीने कड्यांची क्षेत्रफळं काढली. जेट ०.०९५ आणि रॉड ०.०७३ बाय ०.०४७ केला तर रोजच्या चालीला सात टक्के कमी, चढाला पावणेआठ टक्के कमी. दोन्हीकडे हवं तेवढंच! शाळेत वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकून पुढे काय, ह्या प्रश्नाचं इतकं रोकडं उत्तर मला तिच्या वयात मिळालं नव्हतं.

बदलले. वाइडबँड १४.२. डोळे चुरचुरणं बंद.

आणि गचका? जवळजवळ गेला होता. 'जवळजवळ' हा शब्द आमच्या घरी चालत नाही. इंजिन बंद करून, बॅटरीच्या उजेडात नळीत बघत थ्रॉटल हळूच हलवला: पिचकारी लगेच सुरू होते का? होत होती, पण मरतुकडी. पंपाच्या दांडीला तीन भोकं असतात. दांडी कार्बोरेटरच्या अंगाकडच्या भोकात घातली की पंपाचा पल्ला वाढतो. मधल्यात होती, आतल्यात घातली. एक क्लिप, दोन मिनिटं. रविवारी सकाळी मोकळ्या पार्किंगमधे बावीस वेळा थांबून सुटलो. हळू, मध्यम, एकदम. थंड इंजिन, गरम इंजिन. बावीसपैकी एकदाही नाही.

मग उन्हाळ्याची परीक्षा. तासभर चालवून, भर दुपारी वीस मिनिटं बंद ठेवून परत सुरू करायचं. इंजिनाच्या उष्णतेने वाटीतलं पेट्रोल उकळतं, आणि उंचावर ते लवकर उकळतं. पहिल्यांदा स्टार्टर बराच फिरवावा लागला, नंतर थोडं अडखळलं. कार्बोरेटरखाली अर्ध्या इंचाचा लाकडाचा स्पेसर घातला, जवळून जाणारी पेट्रोलची नळी लांबून वळवली. झालं.

एस्टेस पार्कच्या घाटातही जाऊन आलो, आणि तिथून पुढे ट्रेल रिज रोडने पार ३७१३ मीटरपर्यंत. चढताना वाइडबँडचा काटा हळूहळू खाली येत वर १२.७ ला टेकला. हवा एकतृतीयांशाच्या आसपास कमी, ट्रक धापा टाकत होता, मागे गाड्यांची रांग. पण पाय दाबला की जे काही होतं ते लगेच देत होता. तिथे रोज जायचं असतं तर जेट अजून लहान केले असते. तबेला घरापासून अकरा किलोमीटरवर आहे.

शेवटची परीक्षा बायकोची. तिने कुणालाच बरोबर घेतलं नाही. गुरुवारी ड्यूटीवरून आल्यावर, चार वाजताच्या उन्हात, गरम इंजिनाने ती गल्लीच्या तोंडाशी गेली. मी आणि लेक अंगणातून बघत होतो. डावीकडे वळली, पुढून फिरून आली, परत थांबली, परत वळली. असं सहा वेळा. सातव्यांदा ती वळलीच नाही, पुढच्या गाडीला खुशाल जाऊ दिलं आणि मग निघाली. घरी येऊन किल्ली लेकीच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "रस्ता मोकळा नसेल तर थांबायचं. ट्रक निघतो म्हणून निघायचं नाही." आणि आंघोळीला गेली.

लेकीने वहीत लिहिलं: ३३ अंश, गरम, डावं वळण सहा, गचका नाही, आई.

काकांना फोन केला. सगळं सविस्तर सांगितलं: जेट, रॉड, दांडीचं भोक, स्पेसर, घाट. ते मन लावून ऐकत होते, मधे मधे "हं, बरोबर" म्हणत होते. शेवटी त्यांनी विचारलंच.

"ॲव्हरेज किती देते?"

पूर्वी लिटरला सव्वाचार द्यायची, आता साडेपाचच्या वर गेलीय, मी अभिमानाने सांगितलं.

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं फोन कट झाला.

"टाकीला भोक हाय काय बघ आधी," काका म्हणाले.